स्वस्तातलं घर आणि बोलीनंतरचा हिशेब

पेपरातली आपली पुरवणी वाचून झाली की मुख्य अंकाची आतली पानंही एकदा उघडून बघा. बारीक टायपात, दाटीवाटीने छापलेली, वर बँकेचं चिन्ह असलेली एखादी जाहिरात हमखास सापडेल. ‘स्थावर मालमत्तेच्या विक्रीकरिता जाहीर सूचना.’ खाली कर्जदाराचं नाव, जामीनदाराचं नाव, थकबाकी, फ्लॅटचा पत्ता, राखीव किंमत आणि लिलावाची तारीख. आपण बायका हे पान न वाचताच रद्दीत टाकतो, नाहीतर कपाटाच्या फळीवर अंथरतो.

आम्हा कोपरीत राहणाऱ्यांना मात्र ते वाचावं लागतं, कारण गावाकडून फोन येतात. मुलगा मुंबईला नोकरीला लागलेला असतो, भाड्याच्या खोलीत राहत असतो आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की बँकेच्या लिलावात घरं स्वस्त मिळतात. मग वहिनी नाहीतर मावसबहीण फोनवर म्हणते, ‘‘अगं, तुमच्या ठाणे पूर्वेलाच वन बीएचके निघालाय म्हणे अडतीस लाखांत. बाहेर तर साठ सांगतात. जरा जाऊन बघून येतेस का?’’

मी जाते, बघून येते. पण गेल्या काही वर्षांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. फोन करणारी प्रत्येक जण राखीव किंमत अगदी पाठ म्हणून दाखवते. त्यापुढे काय काय द्यावं लागतं आणि किती दिवसांत द्यावं लागतं, हे विचारलं की म्हणते, ‘‘ते सगळं हे बघतील.’’ आणि नेमकं घर घ्यायचं ठरलेलं असतं तिच्या नावावर! माझा सगळा आक्षेप आहे तो या एका गोष्टीला.

आधी हे लिलाव होतात कसे ते बघू. कर्जाचे हप्ते थकले की कोर्टात न जाता तारण ठेवलेलं घर विकायचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने मिळाला. आपल्या सहकारी बँकांना तो लागू आहे की नाही, यावर बरीच वर्षं वाद चालला. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये निकाल दिला, की हो, त्यांनाही आहे. म्हणजे मुरगूड असो, वाई असो की कोपरी, कर्ज देणारी बँक सहकारी असली तरी हीच पद्धत. पतसंस्थांच्या वसुलीचे नियम मात्र वेगळे आहेत, ते यात मिसळू नका.

पूर्वी लिलाव म्हटलं की बँकेच्या नाहीतर सरकारी कचेरीत जाऊन बोली लावायची. तिथे ठरावीक मंडळी असायची, एकमेकांना ओळखणारी. नवा माणूस दिसला की त्याच्याकडे अशी काही बघायची की त्याने परत फिरावं. बाईमाणूस तर औषधालाही नसायचं. आता लिलाव इंटरनेटवर होतात. सरकारी बँकांच्या तारण मालमत्तांसाठी २०१९ मध्ये एक सामायिक पोर्टल आलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याची नवी आवृत्ती ‘बँकनेट’ या नावाने सुरू झाली. खेडची नाहीतर फलटणची बाई स्वयंपाकघरात बसून ठाण्यातल्या घरावर बोली लावू शकते, समोर कोण आहे हे कुणालाच दिसत नाही. ही गोष्ट चांगलीच झाली असं माझं मत आहे. पण समोर कुणी दिसत नाही म्हणून आपण सुरक्षित आहोत असं समजायचं कारण नाही.

बोलीत भाग घ्यायचा तर पोर्टलवर नाव नोंदवायचं, पॅन आणि आधार द्यायचं आणि इसारा रक्कम भरायची. ही बहुतेक ठिकाणी राखीव किमतीच्या दहा टक्के असते. समजा राखीव किंमत ३८ लाख आहे, तर ३ लाख ८० हजार. घर मिळालं नाही तर हे पैसे परत येतात, मात्र बिनव्याजी. पैसे भरायचे ते नोटिशीत दिलेल्या बँकेच्या खात्यात किंवा पोर्टलवरच. ‘लिलावाचं घर मिळवून देतो, दोन टक्के माझे’ असं म्हणणारे एजंट आमच्याकडे स्टेशनबाहेर पैशाला पासरी आहेत. बोली लावायला असा मधला माणूस लागत नाही. शंका असेल तर नोटिशीवर अधिकृत अधिकाऱ्याचा फोन नंबर असतो, तो फिरवा. तेवढ्याने भागतं.

मग येतो प्रत्यक्ष लिलाव. बोली कितीच्या पटीत वाढवायची ते नोटिशीत ठरवून दिलेलं असतं, दहा हजार, पंचवीस हजार असं. वेळ एखाद्या तासाची दिलेली असते, पण घड्याळ तिथे थांबत नाही. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली वाढवली तर वेळ आणखी पाच मिनिटांनी वाढते. पुन्हा कुणी वाढवली की पुन्हा पाच मिनिटं. भांडीवाल्याशी घासाघीस करताना आपण निघून जायचं सोंग करतो आणि तो हाक मारून बोलावतो. इथे हाक मारणारं कुणी नसतं. पडद्यावर फक्त आकडा असतो आणि त्याखाली उलटी धावणारी सेकंदं. ‘एवढं आलोय तर आणखी एक पंचवीस हजार’ असं करत करत माणूस दोन-तीन लाख वर जातो. आणि एकदा दाबलेली बोली मागे घेता येत नाही. चुकून एक शून्य जास्त पडलं तरी ती बोलीच.

समजा ३८ लाखांचं घर ४२ लाखांना तुम्हाला मिळालं. पेढे वाटायच्या आधी हे वाचा. किमतीचा चौथा हिस्सा, म्हणजे साडेदहा लाख, त्याच दिवशी नाहीतर फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायचे असतात. इसाऱ्याचे ३ लाख ८० हजार त्यात धरले जातात, तरी उरलेले ६ लाख ७० हजार एका रात्रीत उभे करायचे. बाकीचे साडेएकतीस लाख विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत. बँकेने लेखी मान्य केलं तर मुदत वाढते, पण तीन महिन्यांच्या पुढे नाही. लिलावाच्या घराला काही बँका कर्ज देतात. पण कर्जाची फाईल पंधरा दिवसांत पास होईल का, हे बोलीआधी विचारायचं असतं, नंतर नाही. आणि मोडलेली एफडी आणि सोनं गहाण ठेवून आणलेले पैसे मोजायला बसलं की पंधरा दिवस फार लवकर सरतात.

नाही भरता आले तर? तर भरलेले पैसे जप्त होतात आणि घर पुन्हा लिलावात जातं. ही नुसती धमकी नाही. तामिळनाडूतल्या एका प्रकरणात खरेदीदाराने चौथा हिस्सा भरला, तीन कोटींहून अधिक रक्कम, आणि उरलेले मुदतीत भरता आले नाहीत. बँकेने सगळी रक्कम जप्त केली. मद्रास उच्च न्यायालयाने ती परत द्यायला सांगितलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बँकेची बाजू उचलून धरली. कोट्यवधींचा व्यवहार करणाऱ्याला सवलत मिळाली नाही, ती तुम्हा-आम्हाला कुठून मिळणार?

आता बाकीचे खर्च. ४२ लाखांच्या आपल्या घरावर ठाण्यासारख्या महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के धरा, म्हणजे २ लाख ९४ हजार. नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. सोसायटीची हस्तांतरण फी जास्तीत जास्त २५ हजार. त्याहून जास्त कुणी मागितली तर द्यायची नाही. कागद तपासायला वकील, समजा २० हजार. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या घराची किरकोळ डागडुजी, समजा लाखभर. आणि सगळ्यात वाईट ते सोसायटीचं थकलेलं मेंटेनन्स. ज्याला बँकेचे हप्ते भरता आले नाहीत त्याने सोसायटीचे पैसे भरले असतील ही आशा करू नका. व्याजासकट अडीच लाख निघाले असं समजू. सगळी बेरीज केली तर ४९ लाख १९ हजार होते. वीजबिल आणि घरपट्टी यात नाहीच. थकलेलं वीजबिल नव्या मालकाकडून मागता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्येच स्पष्ट केलं आहे. घर पन्नास लाखांचं किंवा त्याहून वरचं असेल तर एक टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारीही घेणाऱ्याचीच. तो किमतीतूनच कापायचा असतो, पण भरायचा राहिला तर नोटीस आपल्या पॅनवर येते.

म्हणून हिशेब उलटा करावा. हातात सगळे मिळून पन्नास लाख आहेत ना? मग मघाचे सगळे खर्च वजा करून बोलीची मर्यादा येते साधारण पावणेत्रेचाळीस लाख. तो आकडा आदल्या रात्री कागदावर लिहून संगणकाशेजारी ठेवायचा. नवरा, दीर, भाचा कुणीही म्हणालं ‘आता एवढ्यासाठी कशाला सोडता’, तरी त्या आकड्यावर उठायचं.

आता त्या नोटिशीच्या मराठीबद्दल मला बोलायचंच आहे. विक्रीची सूचना दोन मोठ्या वृत्तपत्रांत द्यावी आणि त्यातलं एक तिथल्या भाषेतलं असावं, असा नियम आहे. का? तर तिथल्या माणसाला ती कळावी म्हणून. आणि छापून येतं काय? ‘जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे, जे काही आहे तत्त्वावर.’ हे वाचून कुणाला काय कळावं? मी हे वाक्य चार शिकलेल्या बायकांना वाचून दाखवलं. एकीला वाटलं, घरातल्या सामानासकट मिळणार! खरा अर्थ असा की घरात गळती असो, भाडेकरू असो, थकबाकी असो की भांडण असो, ते सगळं तुमचं. उद्या बँकेकडे तक्रार घेऊन यायचं नाही. एवढं सरळ लिहायला किती जागा लागली असती? बँकेला मालमत्तेवरचे जे बोजे ठाऊक असतात ते नोटिशीत द्यावे लागतात. पण बऱ्याच नोटिशींत त्या रकान्यात ‘ज्ञात नाही’ असे दोन शब्द असतात. सोसायटीच्या सेक्रेटरीला एक पत्र पाठवलं असतं तर ज्ञात झालं नसतं का? रिझर्व्ह बँकेने यात लक्ष घालावं आणि राखीव किमतीशेजारी सोसायटीची थकबाकी आणि ताब्याची स्थिती साध्या मराठीत छापणं सक्तीचं करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ताब्याचा शब्द तर सगळ्यात महत्त्वाचा. नोटिशीत ‘प्रत्यक्ष कब्जा’ असेल तर घराला बँकेचं कुलूप आहे. ‘सांकेतिक’ किंवा ‘प्रतीकात्मक कब्जा’ असेल तर बँकेने दारावर फक्त कागद चिकटवला आहे आणि आत माणसं राहताहेत. त्यांना बाहेर काढायला बँकेला जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. कायद्यात त्यांच्या आदेशाला तीस दिवस, फार तर साठ दिवस दिले आहेत. प्रत्यक्षात घराच्या दाराशी पोलीस आणि तहसीलदार कचेरीची माणसं उभी राहायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

आमच्या जवळच्याच एका सोसायटीत असं घर विकलं गेलं. घेणारीने सगळे पैसे भरले होते, विक्रीचं प्रमाणपत्र तिच्या हातात होतं, तिच्या कर्जाचे हप्ते सुरू झाले होते आणि वर ती भाड्याच्या खोलीचं भाडंही भरत होती. आत जुन्या मालकाची बायको, म्हातारी सासू आणि दहावीतला मुलगा. घेणारी दर रविवारी यायची, खाली पार्किंगमध्ये उभी राहून त्या खिडकीकडे बघायची आणि जायची. वर जायचा धीर तिला झाला नाही. खिडकीत दुसरी बाई उभी असायची, तिलाही खाली यायचा धीर नव्हता. असं आठ महिने चाललं. त्या दोघींपैकी कुणाचं चुकलं, हे मला आजही सांगता येणार नाही. पण सांकेतिक या एका शब्दाचा अर्थ घेणारीला आधी कुणी सांगितला असता, तर तिने एक तर बोली लावली नसती, नाहीतर आठ महिन्यांचं भाडं हिशेबात धरून लावली असती.

मोठ्या कंपन्यांचीही यातून सुटका नाही. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या एका भूखंडाची गोष्ट कायद्याच्या वर्तुळात गाजली. लिलाव आठ वेळा फसला, २०२३ मध्ये नवव्यांदा राखीव किंमत १०५ कोटी ठेवली आणि सेलिर नावाच्या कंपनीची १०५ कोटी ५ लाखांची बोली लागली. त्यानंतर कर्जदार बाफना मोटर्सने १२९ कोटी भरून जमीन सोडवायची तयारी दाखवली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती मान्यही केली. सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. लिलावाची सूचना प्रसिद्ध झाली की कर्जदाराचा मालमत्ता सोडवण्याचा हक्क संपतो, असं सांगून जमीन बोली जिंकणाऱ्यालाच दिली. घेणाऱ्यांच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा. पण पुढचं ऐका. एवढा निकाल हातात असूनही त्या खरेदीदाराला पुन्हा सर्वोच्च न्यायालयाचंच दार ठोठवावं लागलं आणि त्याचा निकाल यायला २०२४ चा डिसेंबर उजाडला. आपल्याकडे त्यांच्यासारखे वकील नाहीत.

कल्याण-डोंबिवलीकडचं घर असेल तर आणखी एक चौकशी करायची. खोट्या परवानग्या दाखवून तिथे बांधलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. त्या घरांतही माणसांनी कर्ज काढूनच संसार मांडले होते. तेव्हा ‘बँकेने कर्ज दिलं होतं म्हणजे इमारत अधिकृत’ हे गणित डोक्यातून काढून टाका आणि महापालिकेत जाऊन स्वतः विचारा. आमच्या कोपरीत इमारती जुन्या. पावसाळ्याआधी ठाणे महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, ती बघायची. नाहीतर घर लिलावात घेतलं आणि वर्षभरात ते रिकामं करायची नोटीस आली, असं व्हायचं.

आणि आता तो नावाचा मुद्दा. फक्त बाईच्या नावावर राहतं घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, २०२१ पासून. चांगली योजना आहे. लिलावाच्या विक्री प्रमाणपत्रावर ती तुम्हाला मिळणार का, हे दुय्यम निबंधकांच्या कचेरीत बोलीआधीच विचारून घ्या आणि मगच ते चाळीस-बेचाळीस हजार वाचल्याचं धरा. पण या सवलतीपायी घराघरांत होतं काय, की नाव बायकोचं आणि लॉगिन, पासवर्ड, ओटीपी सगळं नवऱ्याच्या मोबाइलवर. बोली तुमच्या नावाने लागते. पैसे जप्त झाले तर ते तुमच्या नावावरचे होतात, मग ते माहेरहून मिळालेले असोत की भिशीचे. टीडीएसची नोटीस, सोसायटीचा दावा, ताब्याचं प्रकरण, सगळं तुमच्या नावाने येतं. नवऱ्यावर अविश्वास दाखवा असं मी म्हणत नाही. पण नोटीस दोघांनी मिळून एकदा मोठ्याने वाचायला काय हरकत आहे? लिलावाआधी पाहणीचा दिवस दिलेला असतो, त्या दिवशी स्वतः जा. घर दिसलं नाही तरी सेक्रेटरीला भेटा, थकबाकीचा आकडा त्याच्या सहीनिशी मागा, वॉचमनला विचारा की आत कोण राहतं, पाणी किती वेळ येतं. पुरुष अशा वेळी फक्त कार्पेट एरिया विचारून परत येतात, हा माझा अनुभव.

हे सगळं झालं घेणारीचं. पण त्या जाहिरातीत दुसऱ्याही एका बाईचं नाव असतं, कर्जदाराच्या खालोखाल. ‘सहकर्जदार’ किंवा ‘जामीनदार’. तिने कधीतरी, चहाचा कप बाजूला ठेवून, दाखवलं तिथे सह्या केलेल्या असतात. तिच्यासाठी एवढंच सांगते. लिलावाच्या खूप आधी बँकेची साठ दिवसांची नोटीस येते. ती टीव्हीच्या मागे खोचून ठेवू नका. त्या साठ दिवसांत लेखी हरकत घेता येते आणि बँकेला पंधरा दिवसांत तिचं उत्तर द्यावं लागतं. हप्ते पुन्हा बांधून घेण्याची बोलणी तेव्हाच करता येतात. बँकेने ताब्याची कारवाई केली तर पंचेचाळीस दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. आणि पेपरात विक्रीची सूचना छापून यायच्या आत पूर्ण रक्कम भरली तर घर वाचतं. घर विकावंच लागणार असेल, तर लिलावाआधी बँकेच्या संमतीने आपणच गिऱ्हाईक बघून विकलं की बहुतेक वेळा चार पैसे जास्त येतात आणि सोसायटीच्या जिन्यावर दारावरचा कागद वाचायला गर्दी होत नाही.